एका ‘वाय’च्या शेपटीबद्दल : विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

सा. न. वि. वि.

नागपुरात सक्करदऱ्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीएफचा क्लेम, पोरांच्या ॲडमिशन, असे लोकांचे कागद दिवसभर माझ्या काचेवरून जातात. हे पत्र मीच टाइप करते आहे, वकिलाचा हात त्याला लागलेला नाही. आमचा आरोग्य विम्याचा दावा कंपनीने नाकारला. रक्कम 2 लाख 86 हजार 400 रुपये. आणि अख्खा वाद इंग्रजीतल्या एका अक्षरावर येऊन थांबला आहे.

2 जुलै 2025 ची रात्र. मिस्टर बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. सेकंड शिफ्ट करून आले, जेवायला बसले आणि जबडा धरून उठले. घामाने बनियन चिंब. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि आम्ही धंतोलीतलं एक हॉस्पिटल गाठलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्यांनी माणूस वाचवला. कॅज्युअल्टीत ड्यूटीवरचा डॉक्टर पोरगाच होता, पंचविशीतला, डोळे लाल. एका हाताने ईसीजीची पट्टी ओढत त्याने मला विचारलं, “शुगर आहे? बीपी? केव्हापासून?” मी म्हटलं, “बीपीची गोळी सुरू आहे, पाच महिने झाले.” मागे ॲक्सिडेंटचा पेशंट आला होता, त्याची माय मोठ्याने रडत होती. डॉक्टरने मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं. रात्री अडीचला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला.

त्या दोन सेकंदांत त्याने काय लिहिलं, ते मला 23 ऑगस्टला कळलं.

मधल्या दीड महिन्याचं थोडक्यात सांगते, कारण हे तुम्ही रोज ऐकत असाल. तुमच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याच्या, विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आहे. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा. आम्ही 5 जुलैला सकाळी दहापासून टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीपुढे बसलो. क्वेरी आली, उत्तर गेलं, परत क्वेरी आली. संध्याकाळी सात वाजता खिडकीतली मुलगी म्हणाली, “ताई, कॅशलेस नाही होऊन राहिलं. रिइम्बर्समेंटमध्ये टाका.” एफडी मोडली. माझी पोत आणि दोन बांगड्या गोल्ड लोनला गेल्या. त्याच परिपत्रकात असंही आहे की दाव्याचे कागद कंपनीने आणि टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यावेत, विमाधारकाला पळवू नये. तरी 43 पानांची फाईल मीच केली आणि मीच नेऊन दिली. झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून तेवढे पैसे वाचले.

मग एक दिवस तपासणीवाले गृहस्थ दुकानात आले. मिस्टरांचा उभा करून फोटो काढला, दुकानाचा काढला, बीपी केव्हापासून ते विचारलं. मिस्टर म्हणाले, “फेब्रुवारीपासून.” गृहस्थांनी इंग्रजीत काहीतरी लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, मिस्टरांनी न वाचता सही केली. लोकांना रोज ‘वाचून सही करा’ म्हणणारी बाई मी, समोरच उभी होते.

23 ऑगस्टला मारबत होती. इतवारीत काळी-पिवळी मारबत निघाली होती, गल्लीतली पोरं ‘इडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत गेली आणि माझ्या फोनवर मेल वाजला. इंग्रजीत चार ओळी. तात्पर्य एवढंच, की विमाधारकास पॉलिसी घेण्यापूर्वीपासून उच्च रक्तदाब होता, ही माहिती त्यांनी प्रस्ताव अर्जात दडवली, सबब दावा देय नाही. आधार म्हणून हॉस्पिटलच्या केसपेपरचं पान जोडलं होतं.

मी ते पान दुकानातल्या मशीनवर दोनशे टक्के मोठं करून काढलं. ‘एचटीएन’, म्हणजे हायपरटेन्शन, आपलं बीपी; पुढे 5, आणि त्या पाचाला चिकटून एक अक्षर. त्याची शेपटी रेघेच्या खाली गेलेली आहे. ‘वाय’ आहे तो. वाय म्हणजे इयर्स, वर्षं. मी महिने सांगितले होते, त्याने वर्षं लिहिली. पॉलिसी एप्रिल 2021 ची. जुलै 2025 मधून पाच वर्षं मागे गेलं की जुलै 2020 येतं, म्हणजे पॉलिसीच्या नऊ महिने आधी. आमचा माणूस खोटारडा ठरायला तेवढं पुरलं.

आता माझं सगळं म्हणणं ज्या कागदावर उभं आहे, त्याच्याकडे येते. ते पान मोठं करून झाल्यावर मी उरलेली फाईल परत एकदा पानपान पाहिली. विसाव्या पानावर नर्सिंगचा तक्ता आहे, आयसीयूत घेताना सिस्टर भरतात तो. वेळ पहाटेची, अक्षर गोल, शाळेत सुलेखन केलेल्या मुलीचं. तिथे बीपीपुढे ‘5 मंथ्स’ असं पूर्ण शब्दांत लिहिलं आहे. एकाच माणसाबद्दल, एकाच रात्री, एकाच फायलीत दोन कागद दोन गोष्टी सांगतात. कंपनीने त्यातला आपल्या कामाचा उचलला. दुसरा त्यांच्याकडे नव्हता असंही नाही, मीच स्टेपल मारून दिला होता.

मी त्या डॉक्टर मुलाला शोधून काढलं. त्याने पान पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “काकू, सकाळपासून ड्यूटीवर होतो,” एवढंच म्हणाला. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र आणून दिलं की, नोंद चुकीची आहे, कालावधी पाच महिने असा वाचावा. माझा त्याच्यावर राग नाही. वस्तीतल्या डॉक्टरांची फेब्रुवारीतली पहिली चिठ्ठी मिळाली. औषधाच्या दुकानदाराने कॉम्प्युटरवरून बिलं काढून दिली, पहिलं बिल 11 फेब्रुवारीचं. हे सगळं जोडून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे 26 ऑगस्टला अर्ज केला.

8 सप्टेंबरला उत्तर आलं. पहिल्या मेलमधल्याच चार ओळी, आणि पाचवी नवी की, डॉक्टरांचं पत्र दावा नाकारल्यानंतर घेतलेलं असल्याने ग्राह्य धरता येत नाही. आता दावा नाकारण्याच्या आधी चुकीची दुरुस्ती कोण मागणार? चूक आहे हे आम्हाला दावा नाकारल्यावर कळलं. ते राहू द्या. पण विसावं पान तर 3 जुलैच्या पहाटेचं आहे, ते नंतरचं नाही. त्याच्याबद्दल उत्तरात एक अक्षर नव्हतं.

10 सप्टेंबरला मी तुमच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकली. पोर्टलबद्दल माझी कुरकूर नाही. लॉगिन झालं, कागद चढले, टोकन नंबर आला. सरकारी साइटा मी रोज हाताळते, एवढं सुरळीत चाललं तरी बरं वाटतं. तक्रार पुन्हा कंपनीकडेच जाते आणि तिने 14 दिवसांत निकाली काढायची असते, हे मला माहीत होतं. तुम्ही निवाडा करत नाही, कंपनीला विचारणा करता, हेही तुम्ही उघड सांगता. निवाड्यासाठी विमा लोकपाल आहेत, ग्राहक आयोग आहे. मान्य. माझी अपेक्षा एवढीच होती की निदान तुमच्या दारातून गेलेला प्रश्न आहे म्हणून तरी कंपनी विसाव्या पानाकडे पाहील.

22 सप्टेंबरला वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. सकाळीच एजंटभाऊंचा फोन आला, आवाजात दिवाळी. “ताई, आता टॅक्सच नाही, कव्हर वाढवून घ्या.” दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेराव्या दिवशी, कंपनीचं उत्तर पोर्टलवर चढलं. त्याच पाच ओळी. स्वल्पविरामही हलला नव्हता. मुदत पाळली गेली होती, उत्तर दिलं गेलं होतं, आणि कंपनीच्या बाजूने तक्रार निकाली निघाली होती.

साहेब, माझं दुखणं हे आहे. तक्रारीला उत्तर मिळालं, दोन वेळा मिळालं, प्रश्नाला एकदाही मिळालं नाही. माझ्या दुकानात कुणी दोन कागद घेऊन आला आणि मी एकाचीच झेरॉक्स काढून दिली, तर तो पैसे देईल का? कंपनीच्या हिशेबात मात्र मी ‘मुदतीत निकाली’ या रकान्यातला एक आकडा आहे.

तुमचे नियम मी वाचले. वाचल्यावर आणखी कोड्यात पडले. 2024 पासून पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ (तेवढे दिवस त्या आजाराचा दावा मिळत नाही) तुम्ही चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. म्हणजे मिस्टरांना 2021 मध्ये खरंच बीपी असता आणि आम्ही तो अर्जात लिहिला असता, कंपनीने तशीच पॉलिसी दिली असती, तर जुलै 2025 मध्ये ती तीन वर्षं कधीच उलटून गेली होती. दुसरीकडे, सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. हाही आधी आठ वर्षांचा काळ होता, तो तुम्ही पाच वर्षांवर आणलात, चांगलंच केलंत. आमचे 51 महिने झाले होते. आजार असलेल्याला तीन वर्षांनी संरक्षण, आणि आजार नसलेल्यावर पाच वर्षं संशयाची तलवार. आम्ही बरोबर त्या दोहोंच्या मधल्या फटीत सापडलो. अशा फटीत सापडलेले लोक माझ्या काउंटरवर मी आता ओळखायला लागले आहे. एकच पत्र, फक्त आजाराचं नाव वेगळं.

लोक माहिती दडवतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. याच काउंटरवर एजंट टॅब घेऊन बसतात. ‘शुगर आहे का’ या प्रश्नावर गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ‘नाही’वर बोट जातं, ओटीपी मागितला जातो, झालं. मी एकदा टोकलं तर म्हणाले, “हो लिहिलं तर फाईल अडकते ना ताई.” गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं, हप्ता कमी बसतो. अशांचे दावे तपासा, खुशाल तपासा, नाहीतर तो भुर्दंड आमच्याच हप्त्यात येतो. पण आमच्या पॉलिसीच्या वेळी मिस्टर 44 वर्षांचे होते. कंपनीने साधा बीपीचा पट्टा दंडाला लावून पाहिला नाही. हप्ता घेताना तपासायचं नाही आणि पैसे द्यायची वेळ आली की केसपेपर भिंगातून वाचायचा. बरं, भिंगातूनच वाचायचा तर सगळा वाचा.

तुमच्याच परिपत्रकात आहे की कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीवाचून कोणताही दावा नाकारता येणार नाही, आणि नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागेल. आम्हाला आलेल्या तिन्ही पत्रांत अटीचा क्रमांक आहे. समिती बसली का, तिच्यापुढे कोणती पानं होती, हे कुठेच नाही. माझी पहिली मागणी इथेच आहे. समितीने काय पाहिलं याची यादी नकाराच्या पत्रासोबत द्यायला लावा. विसावं पान त्या यादीत असेल तर ते का मानलं नाही हे मी विचारेन, नसेल तर समितीने पाहिलं काय हे तुम्ही विचारा.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. माहिती दडवल्याचा आरोप करण्याआधी ज्याच्या नोंदीवर आरोप उभा आहे त्या डॉक्टरला एक लेखी प्रश्न जावा, आणि विमाधारकाला त्याच्या भाषेत. आमच्या बाबतीत एका फोनवर काम झालं असतं. दुकानात येऊन फोटो काढायला माणूस मिळतो, तर धंतोलीच्या हॉस्पिटलात जाऊन ‘हा वाय आहे की एम’ एवढं विचारायला का मिळू नये?

आणि पोर्टलवर तक्रारदार जे कागद जोडतो, त्यातल्या प्रत्येकापुढे कंपनीने एक ओळ लिहिल्याशिवाय उत्तर चढूच नये. फॉर्ममध्ये एक तारांकित रकाना भरला नाही तर पान पुढे सरकत नाही, हे मी दिवसातून पन्नास वेळा अनुभवते. तोच तारा कंपनीच्या बाजूलाही लावा.

तुम्हाला चाप लावता येत नाही असं नाही. लोकपालांचा निवाडा 30 दिवसांत अमलात आणला नाही तर कंपनीने तक्रारदाराला रोज 5,000 रुपये द्यायचे, ही तरतूद तुमचीच आहे. ती वाचून मला खरंच आनंद झाला. फक्त तो चाप शेवटच्या पायरीवर आहे. तिथपर्यंत चढायला दम असलेली माणसं थोडी. बहुतेक जण ‘क्लोज्ड’ दिसलं की फाईल माळ्यावर टाकतात. एक काकू तर नवऱ्याची फाईल रद्दीत द्यायला निघाल्या होत्या, लोकपालाकडे जायची एक वर्षाची मुदत संपायला दोन महिने बाकी होते. मी अडवलं.

आम्ही चढलो. आमचा प्रांत पुण्याच्या लोकपाल कार्यालयात येतो. नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, हिवाळ्यात अख्खं सरकार इथे येऊन बसतं, पण विम्याच्या निवाड्यासाठी तोंड पुण्याकडे करावं लागतं, सातशे किलोमीटर. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, हे सगळं चांगलं आहे. जिल्हा ग्राहक आयोग इथे सिव्हिल लाइन्सला आहे, तोही मार्ग होता. पण दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आम्हाला नको असेल तर आमच्यावर नाही, म्हणून हा निवडला. गडचिरोली-गोंदियाच्या ज्या माणसाला व्हिडिओचं बटण सापडत नाही, त्याच्यासाठी महिन्यातून दोन दिवस नागपुरात बैठक होऊ शकली तर पाहा. खोली मी शोधून देते.

मिस्टर आता बरे आहेत. सकाळी सक्करदरा तलावाला चार चकरा मारतात, तर्री पोहे बंद झाल्याचं दुःख दर रविवारी करतात. गोल्ड लोनचं व्याज दर महिन्याला जातं. एप्रिलमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण आहे. त्याच कंपनीचं, कारण स्टेंट टाकलेल्या माणसाला दुसरी कंपनी कोणत्या अटीवर घेईल याची धास्ती आहे, आणि 60 महिने पूर्ण होण्याच्या तोंडावर खंड पडू द्यायचा नाही. ज्यांनी आम्हाला खोटं ठरवलं त्यांनाच हप्ता भरायचा, तोही वेळेच्या आधी.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. फाईलचे तीन संच काढून ठेवले आहेत, स्पायरल करून. वर केसपेपरचं पान, त्याच्याखाली लगेच विसावं पान, दोन्ही दोनशे टक्क्यांवर. एक संच या पत्रासोबत तुमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवते आहे. पाकिटात पिवळी चिठ्ठी लावलेली दोनच पानं आहेत. तेवढी तुमच्याकडे कुणीतरी शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत, आणि काय दिसलं ते कळवावं. मराठीत कळवलं तर मिस्टरांनाही वाचता येईल.

आपली,
सक्करदऱ्याची झेरॉक्सवाली
नागपूर, जानेवारी 2026